ग्रंथालयातील एका चित्राची विक्री आणि माघार : केरी जेम्स मार्शल आणि शिकागो शहर, 2018

ऑक्टोबर 2018 च्या सुरुवातीला शिकागो शहराच्या प्रशासनाने जाहीर केले की, शहराच्या पश्चिम भागातील लेग्लर शाखा ग्रंथालयात 1995 पासून लावलेले ‘नॉलेज अँड वंडर’ हे केरी जेम्स मार्शल यांचे चित्र 15 नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीज या संस्थेच्या लिलावात विकले जाईल. लिलावात त्याला एक ते दीड कोटी डॉलर मिळतील, असा अंदाज होता. हेच चित्र शहराने स्वतः चित्रकाराला सांगून करवून घेतले होते आणि त्यासाठी त्याला 10,000 डॉलर दिले होते. विक्रीचा पैसा शहराच्या तिजोरीत सरसकट जमा होणार नव्हता. त्यातून याच लेग्लर ग्रंथालयाचे नूतनीकरण करायचे आणि उरलेल्या रकमेतून सार्वजनिक कलेसाठी निधी उभारायचा, अशी योजना महापौर राम इमॅन्युएल यांनी मांडली होती. चित्रकाराने जाहीर नापसंती व्यक्त केली, शहरातील कलाक्षेत्रातून टीका झाली आणि महिना-सव्वा महिन्यातच, 4 नोव्हेंबरला, महापौरांनी विक्री रद्द केली.

सार्वजनिक मालमत्तेच्या विक्रीवरून वाद होणे आणि निर्णय फिरवला जाणे यात नवल नाही. या प्रकरणाचा तपशिलात विचार करावासा वाटतो तो दोन कारणांनी. विकायला काढलेले चित्र कृष्णवर्णीय माणसांच्या रोजच्या जगण्याला भव्य कॅनव्हासवर मानाचे स्थान देणाऱ्या चित्रकाराचे होते आणि ते ज्या भिंतीवर होते, तिच्यासमोरून रोज त्याच समाजाची माणसे ये-जा करत होती. दुसरे असे की, शहराची गरज खरी होती. एका बाजूला लोभी सत्ता आणि दुसऱ्या बाजूला निर्मळ कला, अशी सोपी विभागणी येथे करता येत नाही.

चित्रकार आणि त्याचा काळा रंग

मार्शल यांचा जन्म 1955 मध्ये अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे झाला. 1963 मध्ये कुटुंब लॉस एंजेलिसला गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बर्मिंगहॅममधील सोळाव्या रस्त्यावरील चर्चमध्ये वंशद्वेष्ट्यांनी घडवलेल्या स्फोटात चार मुलींचा बळी गेला. लॉस एंजेलिसमध्ये हे कुटुंब वॉट्स भागातील निकर्सन गार्डन्स या सरकारी वसाहतीत राहिले आणि 1965 च्या ऑगस्टमध्ये वॉट्स वांशिक दंगलीत पेटले. पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेचे कार्यालय असलेल्या भागात मार्शल वाढले. बर्मिंगहॅममध्ये जन्मून आणि पँथरांच्या शेजारात वाढून आपल्यावर काही सामाजिक जबाबदारी आहे असे न वाटणे शक्यच नव्हते, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. 1972 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव याच संघटनेवरून घेतले होते. त्यामुळे मराठी वाचकाला ही पार्श्वभूमी अगदीच परकी वाटू नये.

ओटिस आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना चार्ल्स व्हाइट हे गुरू लाभले. कृष्णवर्णीय माणसाची आकृती डौलाने, वजनाने आणि आदराने रेखाटणारे व्हाइट मूळचे शिकागोचे. मार्शल यांनी 1978 मध्ये पदवी घेतली आणि 1980 मध्ये एक छोटेसे चित्र केले, जे साध्या वहीच्या पानाहूनही लहान, म्हणजे जेमतेम वीस सेंटिमीटर उंच आहे. अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगाने केलेल्या या चित्रात काळ्या पार्श्वभूमीवर काळी टोपी घातलेला काळा माणूस आहे आणि त्याचे डोळे, सदऱ्याचा पांढरा त्रिकोण आणि मधला दात पडलेले हसू एवढेच प्रथम दिसते. थोडे थांबून पाहिले की चेहरा दिसू लागतो. त्यानंतर आजवर त्यांनी आपल्या चित्रांतल्या माणसांची त्वचा तपकिरी छटांनी सौम्य केलेली नाही. आयव्हरी ब्लॅक, मार्स ब्लॅक आणि कार्बन ब्लॅक हे बाजारात नळीत मिळणारे तीन काळे रंग घेऊन, त्यांत निळा, हिरवा किंवा जांभळा रंग मिसळून ते काळ्याच्याच उबदार आणि थंड छटा तयार करतात. छापील फोटोत या आकृत्या सपाट वाटतात. मूळ चित्रासमोर उभे राहिल्यावर मात्र गालाचा उंचवटा आणि मानेची वळणे त्या काळ्यातच दिसतात. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातींत अजूनही ‘गोरी’ हे विशेषण सर्रास छापले जाते, तेव्हा काळेपणा किंचितही उजळ न करण्याचा हा चाळीस वर्षांचा हट्ट मला फार मोलाचा वाटतो.

1987 मध्ये मार्शल शिकागोला आले आणि तेथेच स्थायिक झाले. 1993 च्या ‘डी स्टाइल’ या चित्रात त्यांनी एक केशकर्तनालय रंगवले. सुमारे तीन मीटर रुंदीच्या त्या कॅनव्हासवर केसांची उंचच उंच रचना मिरवणारी गिऱ्हाइके बसली आहेत, न्हाव्याचा एक हात वर उचललेला आहे आणि त्याच्या डोक्यामागे संतांच्या चित्रांत असते तशी प्रभावळ आहे. कपाटांचे लाल, पिवळे, निळे चौकोन युरोपातील आधुनिक चित्रकलेची आठवण करून देतात. लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयाने हे चित्र विकत घेतले. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी नावात ‘गार्डन’ असलेल्या सरकारी वसाहतींवर चित्रमालिका केली. तीतील ‘मेनी मॅन्शन्स’ या चित्रात पांढरे सदरे आणि टाय घातलेले तीन पुरुष उंच इमारतींच्या पुढ्यात फुलबाग सजवत आहेत आणि जमिनीवर पारदर्शक कागदात गुंडाळलेल्या ईस्टरच्या भेटटोपल्या ठेवलेल्या आहेत. त्या वेळी अमेरिकी वृत्तपत्रांत या वसाहतींचे नाव गुन्ह्यांच्या बातम्यांतच येत असे. मार्शल यांनी तेथील गरिबी लपवली नाही. तरीही त्या माणसांच्या हातात त्यांनी बागकामाचे अवजार दिले आणि युरोपात राजेरजवाडे व धर्मप्रसंगांसाठी राखून ठेवलेला कॅनव्हासचा आकार त्यांच्यासाठी वापरला.

भिंत आणि वस्ती

‘नॉलेज अँड वंडर’ याच काळातले, 1995 चे आहे. शिकागो शहराचा एक जुना नियम असा की, सार्वजनिक इमारतीच्या बांधकामाच्या किंवा दुरुस्तीच्या खर्चातील ठरावीक टक्के रक्कम त्या इमारतीत कलाकृती बसवण्यासाठी बाजूला ठेवायची. 1978 पासून लागू असलेल्या या नियमाखाली लेग्लर ग्रंथालयासाठी मार्शल यांना काम मिळाले. चित्र सुमारे तीन मीटर उंच आणि सात मीटर रुंद आहे, आणि त्यांच्या सर्वांत मोठ्या चित्रांत ते मोडते. त्यात कृष्णवर्णीय मुले आणि मोठी माणसे आपल्याकडे पाठ करून उभी आहेत आणि त्यांच्यासमोर माणसापेक्षा उंच, रंगीबेरंगी पुस्तके उघडली आहेत. पुस्तकांतले आकाश, ग्रह आणि जीवसृष्टी जणू पानांबाहेर येऊन सगळा अवकाश व्यापते. चित्रातल्या कोणालाही आपण पाहत आहोत याची दखल नाही. ग्रंथालयात आलेला माणूस चित्रासमोर उभा राहिला की तोही त्याच दिशेने तोंड करून त्याच रांगेत सामील होतो. ही रचना कुठल्याही दिवाणखान्यात किंवा संग्रहालयात तितकीच सुंदर दिसेल, पण पाठमोऱ्या मुलांमागे खरीखुरी मुले येऊन उभी राहण्याची जी योजना त्यात आहे, ती ग्रंथालयातच पुरी होते.

ग्रंथालयाची गोष्टही समजून घेतली पाहिजे, कारण महापौरांच्या बाजूचे बळ तिच्यात आहे. पुलास्की मार्गावरील ही इमारत 1920 मध्ये शहराचे पहिले प्रादेशिक ग्रंथालय म्हणून सुरू झाली. शाखांचे जाळे आणि त्यांच्या मध्यभागी मोठी प्रादेशिक ग्रंथालये ही कल्पना ज्या ग्रंथपालाची, त्या हेन्री लेग्लर यांचेच नाव तिला दिले होते. पुढे ग्रंथालयाच्या परिसरातील वेस्ट गारफिल्ड पार्क ही वस्ती गोऱ्यांची न राहता कृष्णवर्णीयांची झाली, गुंतवणूक आटली आणि 1970 च्या दशकात लेग्लरचा प्रादेशिक दर्जा गेला. उत्तर आणि दक्षिण शिकागोत प्रादेशिक ग्रंथालये होती. पश्चिमेला मात्र एकही उरले नव्हते. कमी वेळ, कमी पुस्तके, कमी कर्मचारी हा भेदभाव दशकानुदशके चालला होता. लेग्लरला तो दर्जा परत देऊ, तेथे मुलांसाठी आणि प्रौढांच्या शिक्षणासाठी नवी दालने करू, वेळ वाढवू, असे महापौर म्हणाले तेव्हा ते पोकळ आश्वासन नव्हते. वस्तीला त्याची निकड होती आणि ती मार्शल यांनीही नाकारली नाही.

विक्रीची कल्पना कोठून आली

चित्र तेवीस वर्षे भिंतीवर होते आणि ते विकावे असे तोवर कोणी जाहीरपणे सुचवले नव्हते. 2018 च्या वसंत ऋतूत मात्र एक घटना घडली. मार्शल यांचे 1997 मधील ‘पास्ट टाइम्स’ हे चित्र शिकागोच्या अधिवेशन केंद्राचा कारभार पाहणाऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाने त्याच वर्षी 25,000 डॉलरला घेतले होते. तळ्याकाठच्या हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतले कृष्णवर्णीय कुटुंब सहलीला आले आहे, कोणी गोल्फ खेळते आहे, मागे पाण्यावर मोटारबोट धावते आहे, रेडिओतून गाण्यांच्या ओळी फितीसारख्या हवेत तरंगत आहेत आणि दूरवर सरकारी वसाहतीच्या इमारती दिसत आहेत, असे ते दृश्य. 16 मे 2018 रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात त्याचा अंदाज 80 लाख ते 1 कोटी 20 लाख डॉलर होता. ते 2 कोटी 11 लाख डॉलरला गेले. हयात आफ्रिकी-अमेरिकी चित्रकाराच्या कलाकृतीला तोवर लिलावात मिळालेली ही सर्वोच्च किंमत होती. संगीत व्यवसायातील शॉन कोम्ब्स यांनी ते घेतल्याचे नंतर उघड झाले.

या किमतीमागे 2016-17 मधील मोठे सिंहावलोकन प्रदर्शनही होते. शिकागो, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस अशा तीन शहरांत ते भरले होते आणि त्याने मार्शल यांचे स्थान पक्के केले होते. मे महिन्यातील विक्रीवर फारशी ओरड झाली नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. ते चित्र तयार झाल्यावर विकत घेतलेले होते, ठरावीक वस्तीसाठी काढलेले नव्हते, आणि अधिवेशन केंद्र हे काही मुलांनी रोज जावे असे ठिकाण नव्हे. पण त्या विक्रीनंतर शहराच्या हिशेबात लेग्लरच्या भिंतीकडे पाहण्याची नजर बदलली, असे घटनाक्रमावरून मानायला जागा आहे. तोवर ती भिंतीवरची कला होती. आता ती वापराविना पडून असलेली ठेव ठरली.

आक्षेप आणि त्यांचे वजन

मार्शल यांची प्रतिक्रिया संयत होती, पण बोचरी होती. शहराने आपल्या श्रमांच्या फळातून शक्य तेवढी किंमत पिळून घेतली, अशा अर्थाचे ते बोलले. डेली प्लाझामधील पिकासोचे शिल्प विकले तर याहून जास्त पैसे येतील, असेही त्यांनी सुचवले. 1967 पासून शिकागोच्या मध्यवर्ती चौकात उभे असलेले ते शिल्प विकण्याचा विचार कोणीही महापौर करणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. शहराच्या मध्यभागी उभी असलेली कलाकृती शहराची ओळख मानायची आणि गरीब कृष्णवर्णीय वस्तीतील कलाकृती मात्र विकण्याजोगी मालमत्ता मानायची, हा फरक त्या एका वाक्यात उघडा पडला. माझ्या मते या साऱ्या वादातील सर्वांत नेमके वाक्य हेच आहे.

त्यांच्या कडवटपणाला ताजे कारणही होते. जेमतेम दहा महिन्यांपूर्वी, डिसेंबर 2017 मध्ये, शिकागो कल्चरल सेंटरच्या बाहेरील भिंतीवर त्यांच्या आरेखनावरून एक प्रचंड भित्तिचित्र पूर्ण झाले होते. शहराच्या सांस्कृतिक जीवनाला आकार देणाऱ्या वीस स्त्रियांचे चेहरे त्यात झाडांच्या खोडांवर कोरल्यासारखे दाखवले आहेत. त्या आरेखनासाठी मार्शल यांनी शहराकडून एक डॉलर घेतला होता. सार्वजनिक कामाकडे पाहण्याची त्यांची ही रीत पुढेही दिसते. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या दोन सेनापतींचा गौरव करणाऱ्या काचचित्रांच्या जागी त्यांनी केलेल्या नव्या खिडक्या 2023 मध्ये बसवण्यात आल्या, तेव्हा त्यांनी मानधन घेतले ते 18 डॉलर 65 सेंट, म्हणजे अमेरिकेतील यादवी युद्ध आणि गुलामगिरी ज्या वर्षी संपली त्या 1865 या सालाची खूण. असा माणूस आपल्याला बाजारभावाने पैसे मिळाले नाहीत म्हणून रुसला होता, असे मानणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. 1995 मध्ये त्याने कमी पैशात काम दिले ते त्या ग्रंथालयाला आणि तेथे येणाऱ्यांना. ते चित्र विकून तो करार एकतर्फी बदलणे हाच खरा आक्षेपाचा मुद्दा होता.

विक्रीच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद संभवतो आणि तो मी हलका मानत नाही. एवढ्या मोलाचे चित्र शाखा ग्रंथालयात ठेवायचे तर विमा, पहारा, तापमान, आर्द्रता यांचा खर्च वाढतो, आणि एका चित्राच्या जपणुकीवर जाणारा पैसा पुस्तकांना आणि कर्मचाऱ्यांना गेला तर काय वाईट, असे कोणी विचारू शकते. पण हाच तर्क पुढे नेला तर निष्कर्ष असा निघतो की, श्रीमंत वस्तीला मौल्यवान कला ठेवता येईल आणि गरीब वस्तीला फक्त स्वस्त कला परवडेल. शिवाय गरीब वस्तीतील एखाद्या कलाकृतीला पुढे किंमत आलीच, तर तिने ती वस्ती सोडून जावे. ग्रंथालयाची दुरुस्ती ही शहराची नेहमीची जबाबदारी आहे. उत्तर शिकागोतील ग्रंथालये भिंतीवरची चित्रे विकून उभी राहिली नव्हती. लेग्लरच्या वाचकांपुढेच ‘चित्र हवे की दालने हवीत’ असा पर्याय ठेवणे हे त्या वस्तीला आधीच सोसाव्या लागलेल्या उपेक्षेचे नवे रूप होते, आणि येथे महापौरांचा हेतू चांगला असूनही निर्णय चुकला.

कायद्यात अडसर नव्हता

या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब कायद्याची आहे. अमेरिकेचा 1990 चा दृश्यकलावंतांच्या हक्कांचा कायदा कलाकृतीची मोडतोड किंवा विद्रूपीकरण यापासून काही संरक्षण देतो, पण मालकाने ती विकण्याला तो आडकाठी करत नाही. पुनर्विक्रीच्या रकमेतून कलावंताला वाटा देणारा राष्ट्रीय कायदा तेथे नाही. कॅलिफोर्निया राज्याने 1976 मध्ये तसा कायदा केला होता, पण नेमक्या 2018 च्या जुलैत संघराज्याच्या अपील न्यायालयाने त्याचा बराचसा भाग निष्प्रभ ठरवला. ‘पास्ट टाइम्स’च्या दोन कोटींहून अधिक डॉलरमधून मार्शल यांना काही मिळण्याची कायद्याने तरतूदच नव्हती. भारताच्या कॉपीराइट कायद्यातील कलम 53अ पुनर्विक्रीत दहा टक्क्यांपर्यंत वाटा देण्याची तरतूद करते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले भित्तिशिल्प सरकारने काढून नासवल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सेहगल यांना 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भरपाईही मिळवून दिली. पण कलाकृती शाबूत ठेवून नुसती विकली जाणे याला सेहगल निकालही थेट लागू होत नाही.

शिकागोच्या बाबतीत कायद्याने विक्री वैध होती, शहर निर्विवाद मालक होते, लिलाव संस्थेशी बोलणी पूर्ण झाली होती आणि तारीख ठरली होती. ती थांबली ती चित्रकाराच्या एका वाक्याने आणि त्या वाक्याला वृत्तपत्रांत मिळालेल्या जागेने. त्याच नियमाखाली शहरभर इतर कलावंतांचीही कामे लागलेली आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या नावाला असे वजन नाही. त्यांचे काम उद्या विकायला निघाले तर किती लोकांना कळेल? प्रसिद्ध माणसाच्या नाराजीवर अवलंबून राहण्याऐवजी, ठरावीक जागेसाठी करवून घेतलेली कलाकृती विकण्यापूर्वी कलावंताशी आणि त्या जागेच्या वापरकर्त्यांशी जाहीर चर्चा करणे बंधनकारक असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. असा नियम करायला कोणत्याही शहराला मोठा खर्च येत नाही.

माघारीनंतर

4 नोव्हेंबर 2018 च्या रविवारी इमॅन्युएल यांनी चित्र लिलावातून काढून घेतले. आपल्याला या चित्रकाराशी वितुष्ट नको आहे, असा त्यांचा सूर होता. ते पुन्हा निवडणुकीला उभे राहणार नाहीत हे तोवर जाहीर झाले होते, त्यामुळे मतांच्या भीतीने माघार घेतली असे म्हणता येत नाही. चूक मान्य करून लिलावाच्या अकरा दिवस आधी ती दुरुस्त करणे सत्ताधाऱ्यांना सहज जमत नाही, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

चित्र विकले नाही म्हणून ग्रंथालय रखडले, असेही झाले नाही. शहराने पैसा इतर मार्गांनी उभा केला, इमारतीचे काम झाले आणि 2020 मध्ये लेग्लर पुन्हा प्रादेशिक ग्रंथालय म्हणून वाचकांसाठी खुले झाले. विक्रीखेरीज मार्गच नाही, हे 2018 मधले गृहीतक दोन वर्षांत खोटे ठरले.

सप्टेंबर 2025 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मार्शल यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन सुरू झाले आणि ते जानेवारी 2026 पर्यंत चालले. लेग्लरचे चित्रही तेथे लागले होते. शिकागोबाहेरच्या रसिकांना ते पाहायला मिळावे हा विक्रीच्या समर्थनार्थ देता येण्याजोगा एक चांगला मुद्दा होता, आणि तो उसनवारीने, मालकी न सोडता साध्य झाला. चित्राच्या मालकीच्या नोंदीत आजही शिकागो शहराचा सार्वजनिक कला कार्यक्रम आणि पुलास्की मार्गावरचे ते ग्रंथालय हीच नावे आहेत.